एल्साने वाचलेला शेवट

२०२३ सालची गोष्ट. तारोडीच्या चर्चमागच्या वाचनालयात रविवारच्या मिस्सानंतर मंडळी जमली होती. ड्रॅगनच्या कादंबरीचा तिसरा, शेवटचा भाग कसा वाटला, ते ज्याने त्याने सांगायचं होतं. हेन्रीची दृष्टी गेलेली; तिन्ही भाग त्याला त्याच्या बायकोने, एल्साने, वाचून दाखवले होते.

कॅल्विन आधी उठला. “लेखकाने पार वाट लावली! एवढा ड्रॅगन, आणि शेवटी मारून टाकला?”

एल्साने चटकन हेन्रीकडे पाहिलं. तिने त्याला वाचून दाखवलेल्या शेवटात ड्रॅगन जखमा घेऊन घरी परतला होता.

“मरू दे रे,” हेन्री हसून म्हणाला. “म्हातारा झालता तो.”

घरी जाताना तिने विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“शेवटी शेवटी तू पानंच उलटत नव्हतीस गो. डोळे गेले, कान हायत.” थोडं चालून तो म्हणाला, “डॉक्टरचं बोलणंपण मला असंच सांगितलंस, न्हाय?”

एल्साने नुसता त्याचा हात घट्ट धरला.

कॅल्विन पुढे नोकरीसाठी कुवेतला गेला. एल्सा तारोडीतच आहे. हेन्री नाताळपर्यंत टिकला नाही, पण तोवर पुस्तक उघडलं की म्हणायचा, “छापलेला नको. तुझा वाच.”