समुद्राशी अबोला

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे नर्सबाईंनी सेमिसीच्या तपासणीचा कागद उघडला.

टोंगा बेटांवरच्या या घराचं समुद्राशी जुनं वैर. सेमिसीचे आजोबा, काका आणि मग त्याचा बाप, म्हणजे लेसिएलीचा नवरा, तिघेही पट्टीचे पोहणारे आणि तिघेही शांत पाण्यात बुडालेले. त्यामुळे "पाण्यात पाय घातलास तर तंगडं मोडीन," असं आत्याने सेमिसीला बजावलं होतं, आणि आत्यापुढे लेसिएलीचंही काही चालत नसे. पोराची रग जिरावी म्हणून आत्या त्याला रोज रग्बीला पिटाळायची.

"समुद्राचा दोष नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हृदयातच खोट आहे, बापाकडून आलेली. जोरात पोहलं की ठोका चुकतो, हृदय थांबू शकतं. धावण्याचंही तेच. रोज गोळी घ्यायची, रग्बी बंद."

"अगं बाई! आणि मी वीस वर्षं त्या समुद्राशी अबोला धरून बसले," आत्या पुटपुटली.

लेसिएलीने आठ वर्षांच्या सेमिसीला कुशीत ओढलं.


"आई, मी तर रोज धावत होतो," तो म्हणाला. "मग मी मेलो कसा नाही?"