चंपाच्या चपला

घर रिकामं होतं.

प्रेमानंदनं चपला दाराशी काढल्या, पडदा सरकवायला हात पुढं केला, तर पडदाच नव्हता. बाज नव्हती. त्या बाजेवर सहा महिने पडून असलेली त्याची बायको चंपा नव्हती. खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या, चाकाची खुर्ची, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, काही म्हणता काही नव्हतं. भिंती पांढऱ्याफेक. जणू इथं कधी कोणी राहिलंच नव्हतं. आणि दुपारी तर तो याच हिरव्या दारातून सिनेमाला गेला होता.

"चंपे," त्यानं हाक मारली. खोलीनं ती हाक जशीच्या तशी परत केली.

सिनेमाचं खूळ लेकीचं. अपेक्षानं बापाला बळेबळे जुनवानीच्या मॉलमध्ये नेलं होतं. तोवर शेजारची दुर्गा चंपाजवळ बसणार होती. सिनेमात एक माणूस सुखानं संसार करत असतो. मग त्याला कळतं, की घर, बायको, अंगणातलं झाड, सगळं एका यंत्रानं त्याच्या डोक्यात उभं केलेलं आहे. कोणीतरी बटण दाबतं आणि सगळं जातं. बाकीचे लोक मजेत पॉपकॉर्न खात होते. प्रेमानंदला दरदरून घाम फुटला होता.

त्याला कारण होतं. चंपाला लकवा मारला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, नातेवाइकांना बोलावून घ्या. आणि ती वाचली. देवापुढं हात जोडायची प्रेमानंदच्या घरात रीत नव्हती, म्हणून तो माणसांचे आभार मानत हिंडला. ॲम्ब्युलन्सवाल्याचे मानले, नर्सचे मानले, प्लांटमध्ये त्याच्या बदल्यात ड्युट्या करणाऱ्या सोबत्यांचे तर इतक्यांदा मानले की ते त्याला बघून वाट बदलू लागले. पण माणूस दुधानं तोंड पोळलेला. एवढं चांगलं आपल्या वाट्याला आलंच कसं, हा किडा डोक्यातून जाईना. म्हणून त्यानं ठरवून टाकलं, आता पुढचं काही मागायचं नाही. ही पुन्हा चालणं कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले, तर त्यानं साधा उलटा प्रश्नही विचारला नाही. गेल्याच महिन्यात वरच्या मजल्याचा क्वार्टर सोडून दुसऱ्या सेक्टरमध्ये तळमजल्याचा घेतला, आणि सामान हलवताना चंपाच्या चपला भांडेवालीला देऊन टाकल्या. ती आहे, डोळे उघडून आपल्याकडं बघते, एवढं पुरे.

येताना स्कूटीवर त्यानं भीत भीत विचारलं होतं, "अपेक्षा, आपलं बी असंच असन तं? माणसाले समजन कसं?"

"बाबा, वो नकली दुनिया तुमच्याच डोक्यातून बनते ना," लेक हसली. "जे तुम्ही कधी सोचलंच नाही, ते तिच्यात आएगा कहाँ से?"

तिनं त्याला कोपऱ्यावर सोडलं आणि ती दूध आणायला गेली. तो मान खाली घालून सिनेमाचाच विचार करत घरी आला. आणि आता हे.

मन चिंती ते वैरी न चिंती. प्रेमानंदला सगळं लख्ख समजलं. चंपा तेव्हाच, लकव्यातच गेली होती. नंतरचे महिने, तिला भरवलेली खिचडी, तिचे विंचरलेले केस, वाकड्या तोंडानं तिचं हसणं, ते सारं डोक्यातलं होतं. कोणीतरी बटण दाबलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. रडू आलं नाही. त्यानं त्या रिकाम्या खोलीला हात जोडले.

"लय देल्लं," तो म्हणाला. "नसतं देल्लं तरी का करत होतो मी? एवढे महिने भेटली, लय झालं."

"अवो! दुसऱ्याच्या क्वार्टरमंदी कोनासंग बोलून राहिले तुमी?"

प्रेमानंदनं मान वर केली. दाराची चौकट धरून चंपा धापा टाकत होती.

"दुसऱ्याच्या?"

"आपली सडक पुढची. तुमी एक सडक आंधीच वळले. हा क्वार्टर खाली झाला, चुना मारनं चालू आहे. मले वऱ्हांड्यातून दिसले तुमी, किती हाका मारल्या! दुर्गा चहा ठेवाले आत गेली होती, मंग मीच आली."

कोपऱ्यात चुन्याची बादली होती. ती त्याला आत्ता दिसली. सेक्टरमध्ये सडका सारख्या, दारं सारखी, दारांचा हिरवा रंगही एकाच डब्यातला. नवा माणूस चुकायचाच. पण प्रेमानंदचं चित्त आता क्वार्टरवर नव्हतं.

"तू... कशी आली?"

"पायानं. मंग का उडत येऊ?" म्हणून ती जराशी ओशाळली. "तुमी ड्युटीवर गेले का दुर्गा मले रोज भिंत धरून चालवत होती. पुरं जमल्यावर दाखवाचं होतं तुमाले."

तिच्या मागून रिकामी चाकाची खुर्ची ढकलत दुर्गा धावत येत होती. प्रेमानंद चंपाच्या पायांकडं बघत राहिला. अनवाणी, धुळीनं भरलेले पाय. उजवा अजून थरथरत होता. तो गुडघ्यांवर सरकत दाराशी गेला आणि आपल्या चपला त्यानं तिच्या पायांत घातल्या. लेकीचं बोलणं त्याला आठवलं. तो हमसून रडू लागला, आणि रडता रडता हसू लागला.

हे त्याच्या डोक्यातून निघालेलं असणं शक्यच नव्हतं. एवढं मोठं स्वप्न बघायची हिंमत त्यानं कधी केलीच नव्हती.