चाळीस चिंचोक्यांचं तळं

मंगळावरच्या शाळेत सुमेधाबाईंनी परातीत चाळीस चिंचोके ओतले. "हे तळं आणि हे मासे. हवे तेवढे घ्या. उरतील त्यांना दर फेरीला पिल्लं होतील. पण ज्याचा हात रिकामा, तो उपाशी."

बाई लहान असताना सांगलीच्या शाळेत हा खेळ दुसऱ्याच फेरीत संपायचा. झोंबाझोंबीत तळंच रिकामं व्हायचं. इथे तीन फेऱ्या झाल्या तरी परात भरलेली होती आणि सगळा वर्ग उपाशी.

"ऋजुता, एकही घेतला नाहीस?"

"मागच्यांना कमी पडले असते, बाई."

कालच तिला वर्गात चक्कर आली होती. बाईंच्या मनात एकदम शंका आली. "घरी बाळ आल्यापासून तू श्वासही कमी घेतेस का गं?"

ऋजुताने मान खाली घातली. "वस्तीत हवा मोजकीच आहे ना."

बाईंनी तिच्या मुठीत दोन चिंचोके कोंबले. "बाळाची हवा मोजणीत धरलीय, वेडाबाई. आणि तुझीही. घे बघू."

ऋजुताने छाती भरून श्वास घेतला. सगळे भिंतीवरच्या हवेच्या काट्याकडे बघत राहिले. काटा जरासा खाली उतरला आणि पुन्हा जागेवर आला.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मीपण घेऊ?"