बंद करण्याचं प्रकरण

निशिकांतला जाऊन वर्ष झालं, तरी घरातला स्पीकर त्याच्याच आवाजात विशाखाला औषधांची आठवण करून द्यायचा. गेलेल्या माणसाचा आवाज जागवणारं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं, आणि माहितीपुस्तिका अर्धी असतानाच सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. "लोक वाट बघतायत, बाकीचं नंतर लिहू," म्हणाला होता.

आज तिने त्याच्या सहकाऱ्याला, अन्वरला, फोन केला. "हे बंद कसं करायचं? प्लग काढला, तर शेजारच्या घरातून हाक मारतो."

"वहिनी, ते प्रकरण निशिकांतच लिहिणार होता. सगळीकडून हेच विचारतायत."

तिने फोन ठेवला. "निशिकांत, तेवढं प्रकरण लिहून टाक ना."

"लिहीन की," भिंतीपलीकडून प्रेमळ आवाज आला. "आता कसली घाई आहे?"