सहामाही तपासणी

औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनची प्रत्येक बाटली उजेडात धरून, आत कण किंवा धागा नाही ना, हे बघायला बायका असतात. दर सहा महिन्यांनी त्यांची नजर तपासतात. या खेपेला तपासणारी नवीन होती. त्यांच्यातल्याच एकीची लेक, नुकताच कोर्स संपवून इथेच नोकरीला लागलेली.

आई स्टुलावर बसली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं तिनं पार खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली.

लेकीचं पेन कागदावर तसंच राहिलं.

"आई, तक्ता मी आज सकाळीच बदललाय."

आई हातातल्या टोपीची घडी घालत राहिली.

"कधीपासून नीट दिसत नाही तुला?"

"तुझा कोर्स सुरू झाला, त्या वर्षापासून," आई म्हणाली. "लिही."