सातवी पाटी

'विकणे आहे'च्या सहा पाट्या ठोकून झाल्या, तेव्हा त्याने सातवीचा पत्ता वाचला. पुन्हा वाचला. पत्ता त्याच्याच घराचा होता.

घर भाड्याचं, पण वीस वर्षांचं. मालकीणबाईंनी त्याच्या कानावर घालायचीही तसदी घेतली नव्हती, तो ज्या घरविक्रीच्या ऑफिसच्या पाट्या ठोकायचा, त्यालाच थेट कळवलं होतं. गल्लीतून समुद्र दिसतो, आणि शहरात नोकऱ्या संपवून आलेल्यांना तोच हवा असतो. पाटी लागली की आठवड्यात घर जातं. भाड्याने राहणारी नर्स गेली, पोस्टमन गेला, सगळे बसने दीड तास लांब. पाट्या ठोकायला माणूस मात्र इथलाच लागतो.

बाबांना त्याने बांधकामावर जातो असंच सांगितलं होतं. मागच्या महिन्यात शेजारी पाटी लागली, तेव्हा ते म्हणाले होते, "आपल्या दारात कोणी ठोकायला आला, तर डोकं फोडीन त्याचं." तो हसला होता. शेजारची पाटी त्यानेच ठोकली होती, बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले बघून.

आज बाबा घरातच होते. त्याने टोपी कपाळावर ओढली, दाराकडे पाठ केली आणि पाटीच्या खांबावर घणाचा पहिला घाव घातला. दुसरा घालेपर्यंत फावडं त्याच्या डाव्या खांद्यावर बसलं. हाड वाजलं. तो वळला, टोपी पडली.

बाबांनी त्याला पाहिलं. मग त्याच फावड्याची पाठ त्याच्या कपाळावर हाणली. पहिला फटका न ओळखता मारलेला होता, हा ओळखून.

त्याचंही डोकं फिरलं. उजव्या हाताने त्याने बापाचा गळा धरला आणि त्याला भिंतीवर आदळलं. म्हाताऱ्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"मी नाही ठोकली तर उद्या दुसरा ठोकेल! घर जाणारच आहे. माझ्या पोटावरही पाय आणायचाय का तुम्हाला?"

बाबांचा चेहरा काळानिळा पडला, तेव्हा कुठे त्याने हात सोडला. ते पायरीवर बसून खोकत राहिले. कपाळावरचं रक्त त्याच्या डोळ्यात ओघळत होतं. त्याने घण उचलला, पण डावा हात वर जाईना आणि खांब कलंडला. दोनदा उभा केला, दोनदा कलंडला. लाजेने की दुखण्याने कोण जाणे, पण तो रडायला लागला.

बाबा उठले. दोन्ही हातांनी त्यांनी खांब सरळ धरला.

"मार," ते म्हणाले.

घण त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडत होता. त्यांनी हात हलवला नाही.

आता फोटो पाठवायचा राहिला होता. ऑफिसचा नियम होता: फोटोत माणूस नको, दोरीवर कपडे नकोत, घर रिकामं दिसलं पाहिजे. त्याने पाटीवरचं रक्त बाहीने पुसलं आणि फोन धरला.

"बाबा, तुम्ही फोटोत येताय."

बाबांनी दोरीवरचा आपला सदरा काढला, खांद्यावर टाकला आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"आता?" त्यांनी तिथून विचारलं.