लेंटातली पेटी

माधवनगरच्या चर्चमध्ये लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, पेटी झाकलेली असते. गीतं नुसत्या गळ्यावर गायची. पेटी वाजवणाऱ्या शांतवनमामांना या रविवारी त्या नियमाचा आधार वाटत होता. शेजारी खुर्चीत शाल पांघरून बायको सुवार्ता बसलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी पंधराच दिवस सांगितलेले, ईस्टर महिनाभर लांब. “आवं, ईस्टरचं गीत वाजवा की.” “ईस्टरला वाजवतो.” “मी कुठली असायला तवा?” “लेंट हाय. पाळकसाहेब रागावतील.” पाळकसाहेबांनीच पेटीवरचं जांभळं कापड उचललं. “वाजवा, मामा. मंडळीची ना नाही.” निरुपायाने मामांनी भाता हलवला. सगळे उभे राहून गायले. सुवार्ताचे फक्त ओठ हलले. तीन कडवी झाली आणि चौथ्याआधीच मामांनी पेटी मिटली. “आवं, एक राहिलं न्हवं?” “ते ईस्टरला. तवर कुठं जायचं न्हाई, सांगून ठेवतो.” आयुष्यभर सुरावरून त्यांच्याशी भांडलेली सुवार्ता नुसतं “व्हय” म्हणाली.